मतपेटी आणि बाजारपेठ : मेडगर एव्हर्स यांची जीवनकथा

'पँथर' हा शब्द आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने तो घराघरांत नेला, आणि त्या नावाचे मूळ अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षात आहे, हेही पुष्कळांस ठाऊक असते. परंतु त्या पक्षाने तरी हे नाव कोठून उचलले, ते क्वचितच सांगितले जाते. अलाबामा राज्यातील लाउंड्स काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडील जिल्हा) १९६५-६६ साली कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांनी आपला स्वतंत्र राजकीय पक्ष काढला. लिहिता-वाचता न येणाऱ्या मतदारांच्या सोयीसाठी तेथे प्रत्येक पक्षास मतपत्रिकेवर एक चित्र द्यावे लागे. सत्ताधारी गोऱ्यांच्या पक्षाचे चित्र पांढरा कोंबडा हे होते; या कष्टकऱ्यांनी काळा पँथर घेतला. म्हणजे तो पँथर मुळात निवडणुकीचे चिन्ह होता.

हे आरंभीच नमूद करण्याचे कारण असे की, अमेरिकेतील या लढ्याचा विषय निघाला म्हणजे आम्हांस मोर्चे आठवतात, भाषणे आठवतात, तुरुंग आठवतात. मतदार नोंदणीचे टेबल आणि दुकानाची पायरी या दोन जागा मात्र सहसा आठवत नाहीत. या दोन जागी ज्यांचे सारे उमेदीचे आयुष्य खर्ची पडले आणि ज्यांना त्यासाठी प्राण द्यावे लागले, त्या मेडगर वायली एव्हर्स यांचे चरित्र आम्ही या स्मरणिकेसाठी निवडले आहे. त्यांची कर्मभूमी म्हणजे अलाबामाला लागूनच असलेले मिसिसिपी राज्य.

मेडगर यांचा जन्म २ जुलै १९२५ रोजी मिसिसिपीतील डिकेटर या लहानशा गावी झाला. वडील लाकूड कापण्याच्या गिरणीत कामाला जात, आई गोऱ्यांच्या घरचे कपडे धुण्याचे व इस्त्रीचे काम करी. थोरला भाऊ चार्ल्स हा त्यांचा जन्माचा सोबती. पुढील शिक्षणासाठी मेडगर यांना मैलोगणती पायपीट करावी लागे. ते लहान असताना वडिलांच्या एका स्नेह्यास, एका गोऱ्या स्त्रीचा अपमान केल्याच्या आरोपावरून, जमावाने ठार मारले. त्या माणसाचे रक्ताने माखलेले कपडे कितीतरी दिवस तसेच पडून राहिले होते आणि येताजाता ते मेडगर यांच्या दृष्टीस पडत. त्या कपड्यांविषयी गावात कोणी चकार शब्द काढला नाही, ही गोष्ट त्यांच्या मनातून पुढे कधी गेली नाही.

दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात भरती झाले आणि फ्रान्सच्या भूमीवर, कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या काढलेल्या तुकडीत, त्यांनी सेवा केली. युद्ध संपले, मेडगर घरी परतले आणि १९४६ साली दोघा भावांनी आणखी चार तरुणांसह मतदार यादीत नाव नोंदविले. मतदानाचा दिवस होता २ जुलै. त्या दिवशी मेडगर यांना एकविसावे वर्ष पूर्ण होत होते, आणि मतदानाचे वयही तेव्हा एकवीसच होते. हे सहा माजी सैनिक डिकेटरच्या न्यायालयापाशी पोहोचले, तेव्हा हत्यारबंद गोऱ्यांचा जमाव वाट अडवून उभा होता. ज्या देशासाठी समुद्रापार जाऊन लढले, त्या देशाच्या मतपेटीपर्यंत त्यांना पोहोचता आले नाही. ते मत न देताच घरी परतले.

यानंतर त्यांनी अल्कॉर्न महाविद्यालयात व्यापारशास्त्राचा अभ्यास केला. तेथेच मर्ली बीझली या विद्यार्थिनीशी त्यांची ओळख झाली आणि १९५१ च्या डिसेंबरात त्यांचा विवाह झाला. पुढील वर्षी पदवी घेऊन हे दांपत्य माउंड बायू येथे राहावयास गेले. हे गाव १८८७ साली गुलामगिरीतून मुक्त झालेल्या लोकांनी स्वतः वसविलेले, सर्वस्वी कृष्णवर्णीयांचे. तेथील डॉ. टी. आर. एम. हॉवर्ड हे नामांकित शल्यविशारद विमा कंपनीही चालवीत. मेडगर त्यांच्या कंपनीचे विमा विक्रेते झाले.

या नोकरीचा त्यांच्या घडणीतील वाटा आम्हांस महाविद्यालयापेक्षाही मोठा वाटतो. विमा विकण्यासाठी ते कापसाच्या मळ्यांतून हिंडत. तेथील कुटुंबे अर्धेलीने शेती करीत. बी-बियाणे, पीठ, रॉकेल, कापड, सारे काही मळेवाल्याच्या दुकानातून उधार; हिशेबाची वही मळेवाल्याच्या हाती; आणि हंगामाअखेर हिशेब झाला की कर्ज शिल्लकच. सावकाराच्या वहीचा अनुभव ज्यांच्या आजा-पणज्यांनी घेतला आहे, त्यांना याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. घरोघरी बसून मेडगर यांनी पाहिले, की या माणसांचा पैसा थोडा असला तरी तो रोज कोणाच्या ना कोणाच्या गल्ल्यात पडतो, आणि तो कोणाच्या गल्ल्यात पडावा हे ठरविण्याचा विचारही त्यांच्या मनाला शिवत नाही.

डॉ. हॉवर्ड यांनी तो विचार शिकविला. १९५२ साली त्यांच्या संघटनेने पेट्रोल पंपांविरुद्ध मोहीम काढली. मिसिसिपीतील पंपांवर कृष्णवर्णीयांचे पैसे चालत, पण त्यांना शौचालय वापरू दिले जात नसे. लांबच्या प्रवासात बायकामुलांचे किती हाल होत असतील, याची कल्पना करावी. जेथे शौचालय नाही तेथे पेट्रोल घेऊ नका, असे सांगणाऱ्या हजारो चिठ्ठ्या मोटारींच्या मागे झळकल्या. त्या वाटण्यात मेडगर पुढे होते. पुष्कळ पंपमालकांनी निमूटपणे शौचालये बांधली. ती बहुधा वेगळीच असत, हेही सांगितले पाहिजे. विषमता संपली नव्हती, पण मालकास प्रथमच गिऱ्हाइकाचे ऐकावे लागले होते. या मोहिमेसाठी कोणाच्या नोंदणी टेबलापुढे उभे राहावे लागले नाही. खरेदी न करण्यास कोणाची परवानगी लागत नाही, हे मेडगर येथे शिकले.

१९५४ च्या प्रारंभी त्यांनी मिसिसिपी विद्यापीठाच्या विधी शाखेत प्रवेशासाठी अर्ज केला. तो तांत्रिक कारण दाखवून फेटाळण्यात आला. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला होता. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एन.ए.ए.सी.पी. या राष्ट्रीय संघटनेने मेडगर यांना मिसिसिपीतील आपले पहिले पूर्णवेळ प्रांतिक चिटणीस नेमले. राजधानी जॅक्सन येथे कार्यालय उघडले. मर्ली तेथे त्यांच्याच सचिव म्हणून काम पाहू लागल्या.

आता मतदानाचे गाडे कोठे अडले होते ते पाहू. १८९० च्या राज्यघटनेने मतदानावर कर बसविला होता, आणि त्याखेरीज नोंदणी अधिकाऱ्यापुढे परीक्षा द्यावी लागे. १९५४ साली ती परीक्षा अधिक कडक करण्यात आली : राज्यघटनेचे अधिकारी सांगेल ते कलम वाचून दाखवावयाचे आणि त्याचा अर्थ त्याच्या समाधानाप्रमाणे सांगावयाचा. उत्तर बरोबर की चूक, हे ठरविणारा तो एकटा. महाविद्यालयातील प्राध्यापक नापास होत आणि सहीपुरते शिकलेले गोरे उत्तीर्ण होत.

हेही अडथळे ओलांडून जे पुढे जात, त्यांच्यासाठी दुसरा मार्ग होता. बेलझोनी गावचे धर्मोपदेशक जॉर्ज ली यांनी स्वतःचे नाव नोंदविले आणि इतरांचीही नोंदविली. ७ मे १९५५ रोजी मोटार चालवीत असता त्यांच्या चेहऱ्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. जबड्यात सापडलेले शिसे दातांत भरलेले असावे, असा तर्क तेथील शेरीफने लढविला. त्याच वर्षी १३ ऑगस्टला ब्रुकहेवन येथे लमार स्मिथ यांना भरदिवसा न्यायालयाच्या हिरवळीवर ठार करण्यात आले; तेही मतदानाचेच काम करीत होते. पंधरा दिवसांनी चौदा वर्षांच्या एमेट टिलचा खून झाला. या साऱ्या ठिकाणी मेडगर गेले. कधी शेतमजुराचे कपडे घालून ते मळ्यांत शिरले, साक्षीदार शोधले, भ्यालेल्या माणसांची जबानी लिहून घेतली. शिक्षा कोणालाच झाली नाही. त्याचे एक कारण असे, की मिसिसिपीत ज्युरीचा पंच होण्यासाठी माणूस पात्र मतदार असावा लागे. मतदार यादी गोऱ्यांची, म्हणून पंचही गोरे. हा धागा वाचकांनी ध्यानात ठेवावा.

आणि पैशाचे हत्यार? ते आधी गोऱ्यांनीच उपसले होते. १९५४ च्या जुलैत इंडियानोला येथे सिटिझन्स कौन्सिल नावाची संघटना निघाली. बँकवाले, व्यापारी, वकील असे गावातील प्रतिष्ठित तिचे सभासद. याझू सिटी येथे १९५५ साली ५३ कृष्णवर्णीय पालकांनी शाळांतील भेद दूर करण्याच्या अर्जावर सह्या केल्या, तेव्हा त्या सर्वांची नावे कौन्सिलने वृत्तपत्रात जाहिरात देऊन छापली. कोणाची नोकरी गेली, कोणा दुकानदारास घाऊक व्यापाऱ्याने माल नाकारला. एकेक करून लोकांनी सह्या मागे घेतल्या, आणि तरीही गेलेल्या नोकऱ्या परत मिळाल्या नाहीत. हा अर्ज एन.ए.ए.सी.पी.च्या प्रेरणेने झाला होता, म्हणून त्या कुटुंबांच्या हालांचे ओझे मेडगर यांच्या मनावर राहिले.

आमच्या समाजातील वडीलधाऱ्यांनी 'बहिष्कार' हा शब्द ऐकला की त्यांना हेच आठवते : किराणा बंद, दळण बंद, मजुरी बंद, वाट बंद. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीने, ज्या समितीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते, या सामाजिक बहिष्काराची नोंद आपल्या अहवालात केली आहे. मिसिसिपीतील लोकांना तोच अनुभव आला. त्यावर तेथे निघालेला एक उपाय लक्षात घेण्याजोगा आहे. मेम्फिस शहरात कृष्णवर्णीयांची ट्राय-स्टेट ही बँक होती. देशभरातील संघटनांनी आपल्या ठेवी तेथे ठेवल्या आणि कर्ज नाकारले गेलेल्या मिसिसिपीतील माणसांना त्या बँकेने आधार दिला. सर्वांनाच तो पुरला असे नाही. पण बहिष्कार सोसताना माणसाच्या पाठीशी पैसा उभा करावा लागतो, हे ध्यानात आले.

जॅक्सन शहरात कॅपिटॉल स्ट्रीट हा मुख्य बाजाराचा रस्ता. शहराच्या वस्तीत सुमारे ४० टक्के कृष्णवर्णीय, त्यामुळे तेथील दुकानांचा बराच धंदा त्यांच्यावर चाले. पण विक्रेता म्हणून त्यांना नोकरी नाही. पाण्याचे नळ वेगळे, शौचालये वेगळी, खाण्याच्या टेबलावर बसण्यास मज्जाव. १९६० च्या ईस्टर सणात मेडगर यांच्या साहाय्याने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी पहिला बहिष्कार पुकारला. ईस्टरला नवे कपडे घ्यावयाचे ही तेथील रीत, आपल्याकडील दिवाळीसारखी. विद्यार्थी दारोदार फिरले. तो बहिष्कार थोडे दिवस चालला आणि ओसरला.

१२ डिसेंबर १९६२ रोजी, नाताळच्या तोंडावर, दुसरा आरंभ झाला. टुगालू महाविद्यालयातील प्राध्यापक जॉन सॉल्टर, त्यांच्या पत्नी आणि चार विद्यार्थी असे सहा जण फलक घेऊन कॅपिटॉल स्ट्रीटवर उभे राहिले. काही मिनिटांतच त्यांना अटक झाली. परंतु अटक करून बहिष्कार मोडता येत नाही. जो घरीच बसून राहिला आहे, त्याला कोणत्या कायद्याने पकडणार? पत्रके चर्चमधून आणि वसतिगृहांतून हातोहात गेली. पुढे कित्येक महिने कृष्णवर्णीय गिऱ्हाईक त्या रस्त्यावरून बरेचसे नाहीसे झाले.

या बहिष्काराच्या मागण्या चार होत्या. नोकरी व बढतीत समानता, नळ-शौचालये-बैठका यांतील भेद बंद, आणि जो आधी येईल त्याला आधी माल, या तीन सहज समजतात. चौथी आम्हांस विशेष वाटते. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकास श्रीमान, श्रीमती, कुमारी अशा आदराच्या संबोधनाने हाक मारावी, अशी ती मागणी होती. साठ वर्षांच्या गृहस्थास तेथे पोऱ्या म्हणत आणि आजीबाईस नुसत्या नावाने एकेरी हाक मारीत. 'अरे-तुरे' ऐकून ज्यांचे वडील मान खाली घालून परत आले, त्यांना ही मागणी क्षुल्लक वाटणार नाही.

हे सारे सोपे होते असा समज होऊ नये. गरीब घरातील नाताळ नव्या कपड्यांवाचून काढणे आईबापांस जड जाते. जामिनाची रक्कम उभी करावी लागे. खुद्द राष्ट्रीय संघटनेचे वरिष्ठ न्यायालयीन लढ्यास आणि मतदार नोंदणीस प्राधान्य देत. रस्त्यावरील आंदोलनात गुंतणारा खर्च व धोका त्यांना पसंत नव्हता. तरुण विद्यार्थी पुढे ओढीत होते, मुख्य कार्यालय मागे ओढीत होते, आणि मेडगर मधे उभे होते. त्यांचा जीव विद्यार्थ्यांकडे होता, शिस्त संघटनेची होती. आमच्या मते या ओढाताणीने त्यांना गोऱ्यांच्या धमक्यांइतकेच थकविले.

१९६३ च्या मे महिन्यात महापौरांनी संयुक्त समिती नेमण्यास नकार दिला आणि दूरचित्रवाणीवरून शहरात सारे आलबेल असल्याचे सांगितले. मेडगर यांनी उत्तरासाठी तेवढाच वेळ मागितला व मिळविला. २० मे रोजी सुमारे सतरा मिनिटे ते बोलले. शहराच्या नोकरीत एकही कृष्णवर्णीय पोलीस नाही, अग्निशामक नाही, कारकून नाही, हे त्यांनी शांतपणे मोजून सांगितले. राज्यातील गोऱ्या प्रेक्षकांनी त्यांचा चेहरा नीट पाहिला तो त्या रात्री. त्यांच्या जिवाचा धोकाही तेव्हापासून वाढला.

२८ मे रोजी वूलवर्थ दुकानाच्या खाण्याच्या टेबलावर बसलेल्या विद्यार्थ्यांवर जमावाने साखर, मोहरीची चटणी, सॉस ओतले, मारहाण केली. सुमारे तीन तास ते बसून राहिले. त्याच रात्री मेडगर यांच्या मोटारीच्या पडवीत पेटती बाटली पडली आणि मर्लीबाईंनी पाण्याच्या नळीने आग विझविली. ३१ मे रोजी शाळकरी मुले शेकड्यांनी रस्त्यावर आली. त्यांना कचऱ्याच्या गाड्यांत भरून जत्रेच्या मैदानावरील गुरांच्या वाड्यात कोंडण्यात आले. दुसऱ्या दिवशी वूलवर्थपुढे फलक घेऊन उभे राहिलेल्या मेडगर यांनाही अटक झाली.

त्यांच्या घरास समोरून दार नव्हते. मोटार ठेवण्याच्या पडवीतून आत जावे लागे, आणि हे घर त्यांनी त्यासाठीच पसंत केले होते. आवाज झाला की जमिनीवर पालथे पडावयाचे, असे तिन्ही मुलांना शिकविलेले होते. ११ जूनच्या रात्री राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी नागरी हक्कांच्या कायद्याची घोषणा करणारे भाषण केले. ते ऐकून मर्लीबाई आणि मुले वडिलांची वाट पाहत जागी राहिली. मध्यरात्र उलटल्यावर मेडगर सभा आटोपून घरी आले, चळवळीसाठी छापलेले सदरे हातात घेऊन मोटारीतून उतरले, आणि समोरच्या झाडीतून झाडलेली गोळी त्यांच्या पाठीत शिरली. मुले शिकविल्याप्रमाणे जमिनीवर पडली. अल्पावधीतच रुग्णालयात मेडगर यांचा प्राण गेला. अडतिसावे वर्ष पुरे होण्यास वीस दिवस उरले होते.

१९ जून रोजी आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत सैनिकी इतमामाने त्यांचे दफन झाले. नागरी हक्कांचा कायदा पुढील वर्षी संमत झाला आणि त्यावर स्वाक्षरीचा दिवस आला २ जुलै १९६४. दुकानांतील व उपाहारगृहांतील भेद त्याने बेकायदा ठरला. ६ ऑगस्ट १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने ती अर्थ सांगण्याची परीक्षा स्थगित केली. १९६४ साली मिसिसिपीत नोंदणी झालेले कृष्णवर्णीय मतदार त्यांच्या प्रौढ संख्येच्या ६.७ टक्के होते. १९६७ साली ते सुमारे ६० टक्के झाले.

थोरले बंधू चार्ल्स यांनी मेडगर यांची जागा घेतली. १९६६ साली पोर्ट गिब्सन येथे त्यांच्या पुढाकाराने गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार पडला. तेथे बहिष्कार मोडणाऱ्या आपल्याच माणसांना धमकावण्याचे, काही ठिकाणी मारहाणीचेही प्रकार झाले. ते आम्ही झाकू इच्छित नाही. दुकानदारांनी नुकसानभरपाईसाठी खटला भरला व राज्याच्या न्यायालयांत तो जिंकला. पण सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की हिंसेला संरक्षण नाही, मात्र शांततेने खरेदी नाकारणे आणि तसे करण्यास इतरांस सांगणे हा नागरिकाचा घटनादत्त हक्क आहे. त्या निकालाची तारीख २ जुलै १९८२.

खुनाचा आरोप सिटिझन्स कौन्सिलचा सभासद असलेल्या बायरन डी ला बेकविथ याच्यावर होता. बंदुकीच्या दुर्बिणीवर त्याच्या बोटाचा ठसा सापडला होता. १९६४ साली दोन वेळा खटला उभा राहिला. माजी गव्हर्नर न्यायालयात येऊन आरोपीशी हस्तांदोलन करून गेले. दोन्ही वेळा सगळे पंच गोरे पुरुष होते आणि दोन्ही वेळा त्यांचे एकमत झाले नाही. बेकविथ मोकळा राहिला. मर्लीबाईंनी तीस वर्षे पाठपुरावा सोडला नाही. १९९४ साली तिसरा खटला जॅक्सन येथेच चालला. त्यासाठी पानोला काउंटीच्या मतदार यादीतून निवडून आणलेल्या बारा पंचांत आठ कृष्णवर्णीय होते. ५ फेब्रुवारी रोजी त्यांनी बेकविथला दोषी ठरविले आणि त्याला जन्मठेप झाली.